अडवाटेच्या स्वाराचा पेहराव

मागील प्रकरणात शिरस्त्राणाचा विचार झाला, आणि त्या बाबतीत ग्राहकाचे काम सरकारने पुष्कळसे हलके करून ठेवले आहे. कारण १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हावाचून दुचाकीस्वाराचे शिरस्त्राण या देशात कायदेशीरपणे विकता येत नाही, आणि ते चिन्ह अस्सल आहे एवढी खातरजमा केली की किमान हमी तरी पदरात पडते. मानेच्या खाली मात्र कायद्याचा अंमल संपतो. जॅकेट, विजार, हातमोजे आणि बूट यांना तशी सक्ती नसल्यामुळे जे जे काळे, जाड आणि खांद्यावर प्लास्टिकचे कवच मिरवणारे असेल ते ते ‘रायडिंग गिअर’ या एकाच नावाखाली खपते. आणि पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत दोन हजारांचे जॅकेट व वीस हजारांचे जॅकेट शेजारी शेजारी टांगलेले पाहून नवख्या ग्राहकाची अशी समजूत होते की, या दोहोंतला फरक केवळ नावाचा आहे. अथवा तो जरा भित्रा असेल तर अशी की, जितकी किंमत अधिक तितका जीव सुरक्षित. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दुसरी अधिक खर्चाची आहे.

या विषयातला एक उत्तम पुरावा ऑस्ट्रेलियातून आला. लिझ डी रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनबेरा परिसरात अपघातात सापडलेल्या २१२ मोटरसायकलस्वारांच्या जखमा आणि त्यांच्या अंगावरचे कपडे यांची बारकाईने तपासणी करून २०११ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. खास मोटरसायकलसाठी बनवलेले कपडे घातलेल्या स्वारांना रुग्णालयात दाखल करण्याची वेळ कमी आली, हे अपेक्षितच होते. परंतु त्याच तपासणीत असेही आढळले की मोटरसायकलसाठी म्हणून विकल्या गेलेल्या जॅकेटांपैकी २९.७ टक्के, विजारींपैकी २८.१ टक्के आणि हातमोज्यांपैकी २५.७ टक्के जिन्नस प्रत्यक्ष अपघातात फाटून वा उसवून निकामी ठरले होते. पैसे मोजून ज्या प्रसंगासाठी वस्तू घेतली, नेमक्या त्याच प्रसंगी चारांतून एकीने दगा दिला! पुढे २०१८ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून ‘मोटोकॅप’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात कारखानदाराने पाठवलेला निवडक नमुना न तपासता सामान्य ग्राहकाप्रमाणे दुकानातून कपडे विकत घेतले जातात, प्रयोगशाळेत त्यांची वासलात लावली जाते आणि निकाल सर्वांना विनामूल्य पाहता येतो. या उपक्रमातील मला सर्वांत मार्मिक वाटलेली गोष्ट अशी की, तेथे संरक्षणाला जसे गुण दिले जातात तसे उष्म्यात तो कपडा कितपत सोसवतो यालाही स्वतंत्र गुण दिले जातात. गाठोडे करून सामानावर बांधलेले जॅकेट कोणत्याही हाडाचे रक्षण करीत नाही. म्हणून वस्तू किफायतशीर आहे की नाही याचा हिशेब तिच्या विक्रीच्या किमतीवर करू नये, ती किती तास अंगावर, आणि सर्व बंद आवळलेल्या स्थितीत, राहील यावर करावा. हे एक परिमाण मनाशी धरले की पुढल्या बहुतेक प्रश्नांचा निकाल आपोआप लागत जातो.

प्रथम लेबल वाचण्याचा विचार करू, कारण फसवणुकीचे मूळ तेथे आहे. युरोपीय संघाचा व्यक्तिगत संरक्षक साधनांविषयीचा २०१६ सालचा नियम एप्रिल २०१८ पासून लागू झाला, आणि मोटरसायकलच्या कपड्यांसाठी ईएन १७०९२ हे मानक २०२० साली त्याच्या जोडीला आले. या मानकाने कपड्यांच्या श्रेणी ठरवल्या. एएए ही सर्वांत कणखर, त्याखाली एए, त्याखाली ए; बी श्रेणीचा कपडा घर्षणाला ए इतकाच टिकतो पण त्यात आघातरोधक प्रोटेक्टर नसतात; आणि सी म्हणजे दुसऱ्या कपड्याच्या आत किंवा वरून घालावयाचा, केवळ प्रोटेक्टर जागच्या जागी धरून ठेवणारा जाळीदार अंगरखा. खांदे, कोपरे, खुबे आणि गुडघे या जमिनीला प्रथम टेकणाऱ्या भागांवरचे कापड एएए श्रेणीत ताशी १२० किलोमीटर, एए श्रेणीत ७० आणि ए श्रेणीत ४५ किलोमीटर वेगाच्या घसरणीशी जुळणाऱ्या यांत्रिक चाचणीतून जावे लागते. आता ज्याचा सारा प्रवास स्पितीच्या खडीवर ताशी तीस-चाळीसने व्हावयाचा आहे, पण तेथवर जाण्यासाठी आधी महामार्गावरून दोन हजार किलोमीटर काटावयाचे आहेत, त्याने एएएच्या जड व कोंदट कवचात स्वतःला उकडून घेऊ नये आणि एच्या पातळ जाळीवरही विसंबू नये. चांगल्या शिलाईचा एए श्रेणीचा कपडा हा आपल्याकडच्या मिश्र प्रवासाला साजेसा मध्यम मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुकानदाराची हातचलाखी अशी असते की बाहीवर युरोपीय प्रमाणनाची ‘सीई’ ही अक्षरे ठसठशीत छापलेली दाखवावयाची आणि ती कशाची आहेत हे सांगावयाचे नाही. पुष्कळदा ती फक्त खिशात सरकवलेल्या प्रोटेक्टरांची असतात. भोवतालच्या कापडाची व शिवणीची कोणतीही चाचणी झालेली नसते, आणि पहिल्याच घसरणीत शिवण उसवली की प्रमाणित प्रोटेक्टर रस्त्यावर आणि अप्रमाणित कातडी त्याच्या मागोमाग, अशी अवस्था होते. म्हणून कपड्याच्या आतल्या बाजूस शिवलेले लेबल शोधावे. त्यावर मोटरसायकलस्वाराचे लहानसे चित्र, ईएन १७०९२ हा क्रमांक आणि श्रेणीचे अक्षर ही तिन्ही असतील तरच त्या वस्तूला दस्तऐवजाचा आधार आहे असे समजावे.

प्रोटेक्टरांचे मानक निराळे, ईएन १६२१. पाच किलो वजन सुमारे एक मीटरवरून सोडावे इतका, म्हणजे पन्नास जूल ऊर्जेचा, आघात वरून करावयाचा आणि खाली किती बल पोहोचते ते मोजावयाचे, अशी ही चाचणी आहे. हातापायांच्या प्रोटेक्टरांत सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल पोहोचले तर पहिली पातळी, २० पर्यंत रोखले तर दुसरी. पाठीच्या प्रोटेक्टरासाठी याच मर्यादा १८ आणि ९ अशा अधिक कडक आहेत. दोन पातळ्यांतला हा फरक अवाढव्य आहे, आणि तरीही दुसऱ्या पातळीच्या सुट्या प्रोटेक्टरांचा संच बदलून घेण्याला नव्या जॅकेटच्या मानाने अगदी माफक खर्च येतो. सबब, कापड आणि शिलाई चांगली पण आतले प्रोटेक्टर साधारण, असे जॅकेट स्वस्तात मिळत असेल तर ते बिनदिक्कत घ्यावे आणि उरलेल्या पैशांत प्रोटेक्टर बदलावेत. या सबंध व्यापारातला हा सर्वांत फायद्याचा सौदा आहे. मात्र पाठीचा खिसा स्वतःच्या हाताने उघडून पाहावा, कारण तेथे पुष्कळ कारखानदार केवळ आकार भरून दिसावा म्हणून साध्या स्पंजाचा तुकडा घालून ठेवतात आणि खरा प्रोटेक्टर स्वतंत्रपणे विकतात. खुब्यांचेही तसेच, ए श्रेणीच्या विजारीत त्यांची सक्तीच नसते. प्रोटेक्टरावर ‘टी’ या अक्षरापुढे अधिक व उणे अशी चिन्हे असतील तर ती दुर्लक्षू नयेत. पहिले चिन्ह ४० अंश सेल्सिअसला आणि दुसरे उणे १० अंशांना झालेल्या चाचणीचे आहे. आघाताच्या क्षणी ताठर होणारे मऊ पदार्थ थंडीत दगडासारखे कडक आणि उन्हात पिठासारखे सैल होऊ शकतात, आणि आपला स्वार एकाच प्रवासात दोन्ही टोकांना स्पर्श करून येतो.

हवामानाच्या या टोकांमुळेच परदेशी पुस्तकांतील सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. एक अंगरखा चारी ऋतूंना पुरेल, बाहेरच्या कापडाशीच जलरोधक पापुद्रा जोडलेला असेल आणि अस्तर काढता-घालता येईल, अशी उंची रचना जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये शहाणपणाची आहे. परंतु मे महिन्यात धुळ्याहून इंदूरच्या दिशेने निघालेल्या माणसाला ती अंगावर ठेवणे अशक्य होते, आणि त्यासाठी मोजलेले लाखभर रुपये पहिल्या दोन तासांतच सामानाच्या पेटीत जाऊन बसतात. उलट मनालीहून पहाटे निघून बारालाचा ला या खिंडीपर्यंत पोहोचताना स्वार सुमारे अठ्ठावीसशे मीटर चढतो, आणि दर हजार मीटरला साडेसहा अंश या साधारण हिशेबाने तापमान अठरा अंशांनी खाली येते; वाऱ्याचा मारा त्यात धरलेला नाही. यावर कमी खर्चाचा आणि माझ्या मते सर्वोत्तम तोडगा म्हणजे थरांची तजवीज. मजबूत चौकटीचे जाळीदार जॅकेट, त्याच्या आत घालण्यास घरातलाच लोकरीचा वा फ्लीसचा स्वेटर, आणि पाऊस किंवा बोचरा वारा आला की सर्वांवरून चढवावयाचा सैल, साधा रेनसूट. पावसाळी अस्तर जॅकेटच्या आत जोडणारी मध्यम किमतीची रचना मला मुळीच मानवत नाही. पाऊस आला की रस्त्याच्या कडेला जॅकेट उतरवून अस्तर लावावे लागते, बाहेरचे कापड चिंब होऊन जड होते, आणि त्यातले पाणी वाऱ्याने सुकताना अंगातली ऊब शोषून घेते. ताम्हिणी घाटात याचा केवळ वैताग येतो, पण लेहच्या वाटेवरील सरचूच्या तंबूत रात्रभर टांगूनही जे सुकत नाही ते जॅकेट सकाळी पुन्हा घालताना जीव नकोसा होतो. चामड्याचा विचार तर कोकणात राहणाऱ्याने सोडूनच द्यावा. घर्षणाला त्याच्या तोडीचे काही नाही हे मान्य, पण श्रावण संपेपर्यंत कपाटात त्यावर हिरवी बुरशी उगवलेली असते.

कापडाविषयी दुकानात ‘सहाशे डेनियर’, ‘हजार डेनियर’ असे आकडे फेकले जातात. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधील वजन. तो जाडीचा निर्देश आहे, दणकटपणाचा नव्हे. हलक्या पॉलिएस्टरचा जाड धागा घर्षणाच्या उष्णतेने वितळून जातो आणि चांगल्या नायलॉनचा त्याहून बारीक धागा टिकून राहतो, तेव्हा आकड्याने दिपून न जाता वर सांगितलेल्या श्रेणीकडेच परत यावे.

आता बुटांकडे वळतो, आणि येथे थोडे रेंगाळणार आहे. कारण अडवाटेवर स्वाराचे सर्वाधिक हाल पायांचे होतात आणि खरेदीच्या यादीत बूट मात्र नेहमी शेवटी येतात. शर्यतीच्या मैदानावरचे पडणे वेगाचे असते, अडवाटेचे पडणे बहुधा मंद असते. वाळूत पुढचे चाक रुतते, ओल्या गोट्यावरून मागचे सरकते, गाडी एका अंगाला कलंडते आणि स्वाराचा पाय तिच्याखाली सापडतो. रॉयल एनफिल्डची नवी हिमालयन जवळजवळ भरल्या टाकीनिशी १९६ किलो भरते. तिच्यावर दोन बाजूंना पेट्या आणि मागे तंबू बांधला की हा आकडा कोठल्या कोठे जातो, आणि तो सगळा भार घोट्याच्या चिमुकल्या हाडांवर आडवा येतो. तोल सावरण्यासाठी सहजगत्या जमिनीला टेकवलेला पाय गाडी पुढे सरकताच मागे खेचला जातो आणि ॲल्युमिनियमच्या पेटीची कड पोटरीवर आदळते, हा प्रकार तर इतका नित्याचा आहे की अनेक अनुभवी स्वार त्याच कारणासाठी कापडी पिशव्या पसंत करतात.

बुटांचे युरोपीय मानक ईएन १३६३४. त्याच्या लेबलावर चार अंक असतात, प्रत्येक १ किंवा २ : पहिला उंचीचा, दुसरा घर्षणाचा, तिसरा कापले जाण्याला होणाऱ्या विरोधाचा आणि चौथा तळ आडवा चेपला जाण्याला होणाऱ्या विरोधाचा. अडवाटेच्या स्वाराने हा चौथा अंक आधी पाहावा आणि तो २ नसेल तर पुढे बोलणीच करू नयेत, कारण गाडीखाली सापडलेला पाय वाचतो तो तेथेच. याखेरीज ‘आयपीए’ म्हणजे घोट्याला आणि ‘आयपीएस’ म्हणजे नडगीला आघातसंरक्षण असल्याची खूण. पोलीस खात्याचा येथे काही संबंध नाही. लेबल नसलेल्या बुटाची परीक्षा हातांनीही बरीचशी होते. तळ दोन्ही बाजूंनी पकडून आडवा दाबावा, तो हातांच्या जोराने वाकला तर गाडीच्या वजनाखाली काय होईल ते उघड आहे. टाच एका हातात व बुटाचा गळा दुसऱ्या हातात धरून पिळून पाहावे. पुढे-मागे वाकणारा पण बाजूला न मुरडणारा बूट चांगला. बकले स्क्रूने बसवलेली, म्हणजे तुटल्यास बदलता येणारी असावीत, आणि तळ झिजल्यावर मोच्याकडून नवा लावता यावा. या दोन गोष्टी असतील तर महाग बूटही दहा-बारा वर्षांच्या हिशेबात स्वस्त ठरतो.

मोटोक्रॉसचे बूट संरक्षणात सर्वांत वरचढ, पण ते घालून लेहच्या बाजारात दोन फर्लांग चालणे ही शिक्षा आहे. टूरिंगचे बूट चालायला सुखाचे, पण त्यांचा घोटा मऊ. ‘ॲडव्हेंचर’ म्हणून विकले जाणारे बूट या दोहोंच्या मध्ये कोठे तरी असतात, आणि नेमके कोठे ते नावावरून कळत नाही. वॉटरप्रूफ पापुद्र्यासाठी जादा पैसे द्यावेत काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पावसासाठी द्यावेत, नाल्यासाठी देऊ नयेत. बर्फ वितळून येणारे लडाखचे नाले दुपारनंतर फुगतात, गुडघ्याएवढे पाणी वरच्या तोंडातून आत शिरते, आणि जो पापुद्रा बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही तोच आतले बाहेर जाऊ देत नाही. मग प्रत्येक पायात एकेक भरलेली घागर घेऊन माणूस मुक्कामापर्यंत जातो. नाले सकाळी लवकर ओलांडावेत आणि कोरड्या मोज्यांचे दोन जोड वर ठेवावेत, हा उपाय त्या पापुद्र्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. मनाली-लेहकडे अनेक जण रबरी गमबूट विकत घेऊन त्यांतच सारा प्रवास उरकतात. पाय कोरडे राहतात खरे, पण घोट्याला आधार शून्य. त्याहून लष्करी धर्तीचे, घोट्यावर घट्ट बांधलेले चामडी बूट बरे. कॅनबेराच्या त्याच अभ्यासात मोटरसायकलचे नसलेले साधे बूटही शूज किंवा खेळाच्या जोड्यांच्या तुलनेने पाऊल व घोट्याच्या जखमांची शक्यता निम्म्याहून अधिक कमी करताना आढळले होते. ज्याच्यापाशी आज पैसेच नाहीत त्याने निदान तेवढे करावे.

हातमोज्यांविषयी थोडक्यात. पडताना माणूस तळहात पुढे करतो आणि मनगटाच्या मुळाशी असलेले एक छोटे हाड मोडते, जे रक्तपुरवठा तुटपुंजा असल्यामुळे महिनोन्‌महिने सांधत नाही. म्हणून तळहाताच्या त्या भागावर घसरणारी कठीण पट्टी हवी, आणि मनगटाचा बंद इतका पक्का हवा की मोजा ओढून काढता येऊ नये. बोटांच्या गाठींवरचे शोभिवंत कवच त्यानंतर.

या सर्वांहून महत्त्वाचे आणि सर्वांत फुकटचे काम म्हणजे माप. दुकानातल्या आरशासमोर ताठ उभे राहून जॅकेट घालून पाहणे निरर्थक आहे. गाडीवर, निदान खुर्चीवर, हात पुढे करून बसावे. बाही मनगटावरून मागे जाते काय, विजारीचा प्रोटेक्टर गुडघा दुमडल्यावर त्याच्यावरच राहतो की नडगीकडे सरकतो, हे तेव्हाच कळते. मग दुसऱ्या कोणाला तरी कोपराचा प्रोटेक्टर धरून फिरवावयास सांगावे; तो फिरला तर आपटल्यावरही फिरेल. दुसऱ्या पातळीचा सैल प्रोटेक्टर हा पहिल्या पातळीच्या घट्ट प्रोटेक्टरापुढे कुचकामी आहे. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोज्यांवर घालून पाहावेत, आणि गिअरच्या दांड्याखाली बुटाचा पुढचा भाग शिरतो की नाही तेही. दांडा थोडा वर करून घेणे हे दोन मिनिटांचे काम आहे, त्यासाठी चांगला बूट नाकारू नये. परदेशी असलेल्या भाच्याकरवी बोस्टनहून स्वस्तात जॅकेट मागवण्याचा मोह आपल्या घराघरांत आहे. भाचा आणतोही; पण माप चुकले तर ते बदलून आणायला तो पुढच्या दिवाळीतच भेटतो. मुंबईची रायनॉक्स किंवा मूळ सामानाच्या पिशव्यांसाठी नावारूपाला आलेली बंगळूरची व्हायाटेरा अशा देशी कारखानदारांचा माल या दृष्टीने परवडतो : अंगावर घालून पाहता येतो, परत करता येतो, आणि झिप बिघडली तर दुरुस्तीला पाठवता येतो.

एखाद्यापाशी एकंदर तीस हजार रुपये असतील तर मी त्यांतील दहा-अकरा हजार बुटांना, आठ हजार जॅकेटला, सहा हजार विजारीला, तीन हजार हातमोज्यांना देईन आणि उरलेल्यात रेनसूट व पाठीचा प्रोटेक्टर बसवीन. बहुतेक लोक नेमके उलटे करतात. जॅकेटवर अर्धी रक्कम जाते, कारण ते छायाचित्रात दिसते, आणि विजारीच्या जागी जीनची पँट राहते. जीनचे कापड डांबरी रस्त्यावर एका सेकंदाच्या आतबाहेर फाटते. जुना माल घेण्यास हरकत नाही. बूट आणि विजारी पुष्कळदा एखाद-दुसऱ्या प्रवासानंतर विकायला येतात आणि निम्म्या किमतीत मिळतात. फक्त शिवणी उलट्या करून पाहाव्यात, कोपर-खुब्यांवर चकाकी किंवा वितळल्याच्या खुणा असतील तर तो कपडा एकदा आपले काम करून चुकला आहे असे समजून परत करावा. शिरस्त्राण मात्र जुने कधीही घेऊ नये, हे मागे सांगितलेच आहे.

राहता राहिला मागे बसणाऱ्या व्यक्तीचा प्रश्न, ज्याची आपल्याकडे कोणी फारशी दखल घेत नाही. पुढचा स्वार नखशिखान्त चिलखतात आणि मागे पत्नी पंजाबी ड्रेस व सँडल घालून, हे दृश्य लोणावळ्याच्या रस्त्यावर कोणत्याही रविवारी दिसते. आणि फार तर तिला स्वाराचे गेल्या वर्षीचे, दोन मापांनी मोठे जॅकेट दिले जाते, ज्यातले प्रोटेक्टर कोपराऐवजी दंडाभोवती लोंबत असतात. बायकांच्या मापाचे कपडे आता देशी कारखानदारही करतात. वर्षातून एकदाच प्रवास होणार असेल तर मनाली आणि लेह येथे जॅकेट, गुडघ्याचे कवच आणि बूट भाड्याने मिळतात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र अनामत रक्कम देण्यापूर्वी प्रत्येक खिशात हात घालून आत प्रोटेक्टर अजून शिल्लक आहेत की नाहीत ते चाचपून पाहावे, कारण आधीच्या भाडेकरूने ते काढून ठेवलेले असतात आणि दुकानदाराला पुष्कळदा त्याचा पत्ताही नसतो.